रानवायू

काही शब्द आपल्या स्वयंपाकघरात रोज वावरतात. पण ते कोणत्या गावचे, कोणाच्या पोटचे, याची चौकशी आपण कधी करीत नाही. ‘गॅस’ हा त्यांतलाच एक. हा शब्द घडविला ब्रुसेल्सच्या एका वैद्याने. यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट हे त्याचे नाव. तो १६४४ साली वारला आणि चार वर्षांनी त्याच्या मुलाने बापाचे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. या गृहस्थाने बासष्ट पौंड लोणारी कोळसा जाळला, तेव्हा राख उरली अवघी एक पौंड. मग बाकीचे एकसष्ट पौंड गेले कोठे? तो म्हणाला, ते अदृश्य होऊन हवेत गेले. हाच अदृश्य पदार्थ द्राक्षांचा रस आंबताना वर येतो, हेही त्याने ताडले. ग्रीकांच्या ‘केऑस’ या शब्दावरून त्याने त्याला ‘गॅस’ म्हटले आणि पुढे विशेषण जोडले ‘सिल्व्हेस्ट्रे’. म्हणजे रानचा, रानटी. का, तर त्याला भांड्यात कोंडता येत नाही. कोंडू गेले तर तो भांडेच फोडून बाहेर पडतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे नाव वाचून हसू आल्यावाचून राहत नाही. आम्हांलाही बाहेरचे लोक पुष्कळदा याच विशेषणाने ओळखतात! पण विनोद बाजूला ठेवला, तरी या रानवायूला माणसाळविण्याची कथा ऐकण्यासारखी आहे. दिवाळीच्या फराळावर पोट जड झाले म्हणजे आपण जी सोड्याची बाटली फोडतो, तिच्यात हाच वायू असतो. आणि परमुलखात पिंपातली बिअर तोटीपर्यंत चढवितो तोही हाच. याच्या हातून पाणी मिळते आणि मद्यही मिळते. यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, याचा झगडा आमच्या मुलखात जितका झाला, तितका महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी झाला असेल.

आपल्या वाडवडिलांना या वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण ओळख होती. जमिनीखालचे धान्याचे पेव उघडले, की शहाणा शेतकरी एकदम आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवून मग कंदील खाली सोडी. कंदील विझला, तर माणूसही विझणार. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीचेही तसेच. हा वायू हवेच्या दीडपट जड. पाण्यासारखा तळाशी बसतो, त्याला रंग नाही आणि नाकाला वास जाणवत नाही. ज्यांनी कंदिलाची खूण पाळली नाही, त्यांच्या घरी एकाच दिवशी दोन-दोन तिरड्या बांधल्या गेल्या आहेत, कारण आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो.

त्याला पहिल्यांदा उपयोगाला लावले ते एका धर्मोपदेशकाने, आणि तेही बिअरच्या भट्टीत. जोझेफ प्रीस्टली हा इंग्लंडातील लीड्स गावी १७६७ साली राहावयास आला. घराशेजारीच बिअरचा कारखाना. मोठमोठ्या लाकडी पिंपांत जव आंबत असे आणि त्यावर वीत-सव्वा वीत उंचीचा या वायूचा थर उभा राही. प्रीस्टलीने पेटती काडी त्यात धरली, ती विझली. तिचा धूर त्या थरात अडकला आणि पिंपाच्या काठावरून दुधासारखा खाली सांडला. मग त्याने पाण्याचे भांडे त्या थरात धरून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले. त्या पाण्याला आंबूस, तरतरीत चव आली. पुढे खडूवर तेजाब टाकून वायू काढण्याची आणि तो पाण्यात मुरविण्याची रीत त्याने १७७२ साली एका लहानशा पुस्तिकेत छापली आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. समुद्रावर खलाशांचे हिरडे सडतात, त्यावर हे पाणी औषध होईल असे त्याला वाटत होते. ते खोटे ठरले. पण सोडा टिकला. पैसा मात्र त्याने केला नाही. तो केला जिनिव्हाच्या योहान याकोब श्वेप या जवाहिऱ्याने. त्याने १७८३ साली हा धंदा उभा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला नेला.

आणखी एक बापलेकांची जोडी येथे सांगितलीच पाहिजे. मँचेस्टरचा औषधविक्या टॉमस हेन्री असले पाणी विकी. त्याचा मुलगा विल्यम याने १८०३ साली एक नियम मांडला, तो आजही शाळेत शिकवितात. पाण्यावर वायूचा दाब जितका वाढवावा, तितका वायू पाण्यात जास्त मुरतो. दुसरी गोष्ट थंडाव्याची. एक लिटर पाणी बर्फाइतके गार असेल, तर साध्या हवेच्या दाबाला त्यात सुमारे १.७ लिटर वायू मावतो. २० अंशांना ०.९ लिटरच्या आतबाहेर. आणि ४० अंशांना जेमतेम अर्धा लिटर. वैशाखात आमच्याकडे सोडा कोमट झाला, की तोंडात नुसता खारट-तुरट ओघळ का राहतो, हे यावरून कळावे. वायू पळालेला असतो.

पळणाऱ्याला बाटलीत धरून ठेवण्यासाठी साहेबाने नाना युक्त्या केल्या. आधी अंड्याच्या आकाराची बाटली केली. ती उभी ठेवताच येत नसे. म्हणून बूच सदा ओले राही आणि सुकून सुटत नसे. मग १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने गोटीची बाटली काढली. माझ्या मते त्या शतकातली ही फार थोर कल्पना होय. बाटली उलटी धरून भरावी. गोटी मानेत येऊन पडते आणि आतला वायूच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. कैद्यालाच दारावर पहारा करायला लावण्यापैकी हे आहे! जितका त्याचा बाहेर पडण्याचा जोर, तितके दार घट्ट. लाकडी ठोकणीने गोटी खाली ढकलली, की जो चीत्कार उठतो, तो ज्याने लहानपणी ऐकला नाही त्याचे बालपण काही अंशी वायाच गेले.

हिंदुस्थानात हे पाणी प्रथम साहेबांसाठी आले आणि लोक त्याला विलायती पाणी म्हणू लागले. मुंबईत आणि पुण्यात या धंद्यात पारशी मंडळी पुढे होती. दिनशा पांडोळे या क्रिकेटपटूने १८८९ साली मुंबईत कारखाना काढला आणि ज्या चेंडूने तो खेळे, त्या चेंडूचे ‘ड्यूक’ हे नाव त्याला दिले. शहरातून हे पाणी रेल्वेच्या गावांना आणि तेथून बाजारहाटाला, जत्रेला पोहोचले.

बाटलीतला वायू असा आवरला. पण सबंध नळकांड्यात तो कोंडणे हे फार निराळे काम. मायकेल फॅरडे याने १८२३ साली तो दाबाखाली पातळ करून दाखविला. १८३५ साली तिलोरिये या फ्रेंच माणसाने त्याचे बर्फासारखे घट्ट ढेकूळ केले. मोठे कौतुक झाले. परंतु ही यंत्रे ओतीव लोखंडाची असत आणि ओतीव लोखंड ताणाखाली काचेसारखे तडकते. १८४० साली पॅरिसमध्ये असे एक यंत्र फुटले आणि एर्वी नावाचा तरुण मदतनीस त्यात गेला. फान हेल्मोंटचे म्हणणे दोनशे वर्षांनीही खरे होते. रानवायू भांडे फोडून बाहेर पडला होता. पुढे पोलादाची मजबूत नळकांडी आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पिठ्यांतून बिअरच्या पिंपाला हा पातळ केलेला वायू जोडला जाऊ लागला. तोवर बिअर हाताच्या पंपाने वर ओढीत. पिंपात हवा शिरे आणि माल दोन-चार दिवसांत आंबे. आता हवेच्या जागी वायूच भरू लागला. तो मद्याला ढकलीही, आणि राखीही.

पण नळकांड्यातला दाब भलताच. २० अंशांना तो हवेच्या दाबाच्या सत्तावन्नपट भरतो. पिंपाला हवा असतो एकपट, फार तर तीनपट. या दोहोंच्या मध्ये बसतो तो रेग्युलेटर. आपल्या शेगडीच्या सिलिंडरवर असतो, त्याच घराण्यातला हा मोठा भाऊ. मात्र एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ नये. याच्या पोटात एक लवचीक पडदा, पडद्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर पिळाचा स्क्रू. स्क्रू आत पिळला, की स्प्रिंग पडद्याला रेटते आणि वायूचे दार किलकिले होते. पलीकडे पुरेसा दाब साठला, की तोच दाब पडद्याला मागे लोटतो आणि दार मिटते. कोणी प्याला भरला, पलीकडचा दाब उतरला, की दार पुन्हा किलकिले. हे अष्टौप्रहर, माणसाच्या हातावाचून चालते. एक तबकडी नळकांड्याचा दाब सांगते, दुसरी पिंपाचा. घोड्याला लगाम, तसा या वायूला रेग्युलेटर.

हे यंत्र मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष हाताळले ते वडशाला. वडसा-देसाईगंज हे वैनगंगेकाठचे, गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे आणणारे गाव. तेथे माझा एक जुना विद्यार्थी फ्रीज दुरुस्तीचे दुकान चालवितो. मोठ्या शहरांत जुन्या फ्रीजला तोटी बसवून आत बिअरचे पिंप ठेवण्याची टूम निघाली आहे. पुण्यात २००९ साली जागच्या जागी बिअर करून पाजणारे पहिले दुकान निघाले, तेव्हापासून असली पिंपे आणि तोट्या आपल्याकडेही नजरेस पडू लागल्या. या पोराने तसल्या फ्रीजचे चित्र कोठेसे पाहिले आणि ठरविले की आपण त्यातून सोडा काढू. नागपूरच्या भंगार बाजारातून त्याने पोलादी पिंप आणले, रेग्युलेटर नवा घेतला आणि मला बोलावणे धाडले. म्हणाला, “सर, दाबाचं गणित तुम्ही पाहा.”

पण गणिताआधीच घरात महाभारत सुरू झाले होते. पिंपावर बिअरच्या कंपनीचा ठसा होता. त्याची आई दारात उभी राहिली. ती मला म्हणाली, “मास्तर, त्याले सांगा, हे पिंप माह्या घरात नाही येणार. याच्या बापाले यानंच नेलं.”

त्या माउलीला हट्टी म्हणणाऱ्याने या जिल्ह्याचा इतिहास वाचावा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. १९८७ पासून येथे दारूविरुद्ध गावोगाव सभा भरू लागल्या. डॉक्टर, शिक्षक, आदिवासी पुढारी सर्व होते. परंतु ज्यांच्या पाठीवर वळ उठत, त्या बायकांनी ते आंदोलन पेलले. १९९३ साली सरकारने या जिल्ह्यात दारूबंदी केली. चंद्रपूर मागून आले. २०१० साली चिमूरहून हजारो बायका पायी नागपूरच्या विधिमंडळाकडे निघाल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली. ती २०२१ साली सरकारने उठविली. तेव्हा वैनगंगेच्या एका काठावर, ब्रह्मपुरीकडे, दुकाने उघडली आणि दुसऱ्या काठावर, वडशाकडे, बंदीच राहिली. नदीवर पूल आहे, हे काही मी वेगळे सांगावयास नको.

बंदीने सगळे आलबेल झाले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. चोरटी दारू येते, महाग येते आणि कधी विषारी येते. तरी उघड्या दुकानासमोरून पगाराचा दिवस सुखरूप घरी आणणे किती अवघड असते, हे ज्या घराने सोसले आहे, त्याच्याशी वाद घालण्याचे धैर्य मला होत नाही. मोहाची गोष्ट आणखी वेगळी. चैत्राच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, बायका-पोरे टोपल्या भरतात. गोंडांच्या देवकार्यात त्या फुलांच्या मद्याला जो मान आहे, तो बाजारच्या बाटलीला नाही आणि दोन्हींना एका मापाने मोजणे मला पटत नाही. पण फुले पाण्यात घालून सडवा मुरत ठेवला, म्हणजे मडक्यात जी फसफस चालते, ती लीड्सच्या पिंपातल्यासारखीच. शंभर तोळे साखर पुरती आंबली, तर हिशेबाने एकावन्न तोळे मद्यार्क होतो आणि एकोणपन्नास तोळे हा वायू. मद्यार्क पोटात जातो. वायू रानात जातो. रानचा रानात. कारखान्यांत मात्र काही ठिकाणी मळी आंबविताना निघणारा हा वायू धरून, धुऊन नळकांड्यांत भरतात. तेव्हा बंदीच्या जिल्ह्यात लहान मूल जो लिंबूसोडा पिते, त्यातला वायू कोठल्या तरी मद्याच्या कारखान्यातून आलेला असणे अगदी शक्य आहे. आईला मी हे सांगितले नाही.

तिला दुसरे सांगितले. पिंप काही मद्य नव्हे. तांब्यातून विषही पाजता येते आणि तीर्थही. तिने ते ऐकून घेतले आणि मग आपल्या परीने निकाल दिला. पिंप आधी चुन्याच्या पाण्याने, मग कढत पाण्याने तीनदा धुवायचे आणि ठसा घासून काढायचा. पोराने दोन दिवस घासकागद चालविला. झाकणाचे रबर मात्र किती धुतले तरी वास सोडीना, ते बदलले.

पुढचे काम सांगतो. जुन्या फ्रीजच्या मागे जाळी असते. नव्यात गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआड दडविलेल्या असतात. तेथे ड्रिल चालविले, की फ्रीजचा प्राण गेला. म्हणून तोटीचे भोक दारातून पाडले. पिंपाला दोन वाटा असतात. वायू आखूड नळीने वर शिरतो, पाणी लांब नळीने तळातून चढते. नळी बारीक आणि पुरेशी लांब ठेवावी, नाहीतर पेल्यात नुसता फेस. नळकांडे उभेच ठेवावयाचे. आडवे केले तर पातळ वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. वायसर बसवून नट पान्याने आवळला. नळकांडे उघडण्यापूर्वी रेग्युलेटरचा स्क्रू पुरता सैल करावा, स्वतः बाजूला उभे राहावे, चावी सावकाश फिरवावी आणि मगच स्क्रू थोडा थोडा आत घ्यावा. शेवटी प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

नळकांडे फ्रीजच्या बाहेर ठेवावे की आत, यावर आमचा बराच खल झाला. थंड गावी बाहेरही ठेवतात. पण हा वायू ३१ अंशांच्या वर गेला, की नळकांड्यात पातळ राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आमच्याकडे चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. अशा उन्हात भरलेल्या नळकांड्याचा दाब हवेच्या शंभरपटीच्या वर जातो. म्हणूनच ते काठोकाठ न भरता, त्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या सुमारे दोनतृतीयांशच वायू भरण्याचा दंडक आहे. डोक्याशी एक पातळ चकती असते. दाब फार चढला, तर ती आधी फाटते आणि नळकांडे वाचते. शिक्का-तारीख नसलेले नळकांडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आम्ही आतच ठेवले.

दुसऱ्या सकाळी पोरगा धावत आला. “सर, गॅस गळून राहिला! काटा अर्ध्यावर आला.” साबणाचे पाणी पुन्हा फिरविले, एक बुडबुडा नाही. मग उमगले. फ्रीजमध्ये ४ अंश होते आणि त्या थंडाव्याला दाब चाळीसपटीच्याही किंचित खालीच भरतो. गळती नव्हती, गारवा होता. पातळ वायूचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा तसाच राहतो, मग एकदम कोसळतो. किती उरला, हे काट्याला विचारू नये, तराजूला विचारावे. तेव्हापासून दर आठवड्याला नळकांडे उतरवून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलतात आणि वजन फ्रीजच्या दारावर खडूने लिहितात.

महिनाभराने दोन शिपाई आले. बंदीच्या जिल्ह्यात तोटीचे पिंप म्हणजे वर्दी जाणारच. परवान्यावाचून मद्य करणे महाराष्ट्रात कोठेही गुन्हा आहे. येथे तर प्रश्नच नाही. त्यांनी तोटी उघडावयास लावली, वास घेतला, पेला तोंडाला लावला. एकाने मीठ आणि लिंबू मागितले. आई गल्ल्यावर होती. तिने दोन्ही पेल्यांचे पैसे घेतले.

येत्या महाशिवरात्रीला हा फ्रीज गाडीवर चढवून मार्कंड्याच्या जत्रेला न्यावयाचा बेत आहे. तेथे वैनगंगेच्या वाळवंटात दिवसभर वीज मिळेल की नाही याची खात्री नाही. म्हणून पोराने बर्फाच्या लाद्या सांगून ठेवल्या आहेत आणि गोटीच्या चार डझन बाटल्याही.